अन्वरीचं अठरा फुटांचं घर

लतीफचे वडील भोरला वारले, तेव्हा लतीफ पासलीत भिमाच्या अंगणात कापूस पिंजत होता. भिमाच्या घरी लग्न होतं. सात गाद्या आणि चौदा उशा करायच्या होत्या. भोरहून निरोप निघाला तो एसटीच्या कंडक्टरकडे. त्यानं नसरापूरला दुसऱ्या कंडक्टरला सांगितलं, त्यानं वेल्ह्यात दुधाच्या गाडीवाल्याला सांगितलं, आणि नेमकी त्या दिवशी दुधाची गाडी पासलीला गेलीच नाही. लतीफ घरी पोचला तो तिसऱ्या दिवशी दुपारी. खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली तशीच होती. दारात बसलेली माणसं बघून त्याला कळायचं ते कळलं. तो उंबऱ्याच्या आत आलाच नाही. धनुकली भिंतीला टेकवून तसाच कब्रस्तानात गेला आणि दिवस मावळेपर्यंत तिथं बसून राहिला.

ही १९९६ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. लतीफ नदाफ जातीचा पिंजारी. दिवाळी सरली की धनुकली खांद्याला मारायची, एसटी पकडायची आणि नसरापूर, मार्गासनी, विंझर करत पार केळदपर्यंत जायचं. कुणाच्या जुन्या गादीतला गठळलेला कापूस पिंजून पुन्हा भरायचा, कुणाच्या लेकीच्या लग्नाच्या नव्या गाद्या करायच्या. पावसाची चाहूल लागली की घरी. मधे सणासुदीला दोन-तीन खेपा होत, तेवढ्याच. त्याच्या बापानं हेच केलं होतं आणि आज्यानंही. घरातल्या बायकांनी वर्षातले आठ महिने वाट बघायची, हे त्या घरात कुणी ठरवलेलं नव्हतं, ते होतंच.

त्याची बायको अन्वरी. वय तीस-एकतीस. माहेर कामथडीचं, शाळा सातवीपर्यंत. गाद्यांच्या खोळी ती शिवायची. माप ही तिची खरी विद्या होती. खाट नुसती नजरेनं बघून किती कापड लागेल ते ती सांगे आणि त्यात वीतभरही फरक पडत नसे. गळ्यात टेप कायम असायचा; नमाज पढताना तेवढा काढून ठेवायची. दोन मुली, थोरली मेहनाज आठ वर्षांची आणि धाकटी अफसाना चारची. शिवाय सासू. सासूला सगळे अम्मा म्हणत. जिभेनं तिखट, पायानं अधू.

सासऱ्यांचा चाळीसावा झाला तरी लतीफनं धनुकली उचलली नाही. हंगाम तर लग्नसराईचा, गावागावांतून सांगावे येत होते. तो बाहेर पडायचा, स्टँडपर्यंत जायचा आणि परत यायचा. एकदा त्यानंच अन्वरीला सांगितलं, की एसटीत चढताना पाय उचलत नाही. मागं आता काय घडेल आणि आपल्याला कधी कळेल, हेच डोक्यात येतं. त्या दिवसापासून तिच्या मनात एकच गोष्ट घोळायला लागली. धंदा सोडून चालणार नव्हतं, कारण लतीफला दुसरं काही येत नव्हतं. धंद्यामागं जायचं तर घर मागं राहत होतं. मग घरच धंद्याबरोबर नेता आलं तर?

एप्रिलात शिवऱ्याच्या मानसिंगचा निरोप आला. हायवेला लागून त्याचं हॉटेल होतं, त्यावर त्यानं नवं लॉजिंग बांधलं होतं, आणि त्याला चाळीस गाद्या पाहिजे होत्या. खाटांची मापं घ्यायला अन्वरी लतीफबरोबर गेली. मापं घेऊन झाल्यावर हात धुवायला ती मागं गेली, तर बोरीच्या झाडाखाली एक जुनी मिनीबस उभी. कुठल्याशा कारखान्याची माणसं ने-आण करणारी होती, नंतर मानसिंगनं घेतली, आणि आता तिच्यात त्याच्या कोंबड्या राहत होत्या. अन्वरीनं दार ओढलं. कोंबड्या ओरडत बाहेर पडल्या. ती आत चढली आणि टेप काढला.

लतीफ शोधत आला तेव्हा ती शेवटच्या सीटवर बसून खोळीच्या कापडाच्या तुकड्यावर आकडे लिहीत होती. आतून लांबी अठरा फूट, रुंदी सात. परतीच्या एसटीत कापूरहोळ येईपर्यंत ती आकडे जुळवत होती. मग तिनं सगळं सांगितलं. लतीफला आधी ती थट्टा वाटली. मग ती गंभीर आहे हे कळल्यावर तो खिडकीबाहेर बघत राहिला, आणि भोर आल्यावर एवढंच म्हणाला, की अम्मा ऐकायची नाही.

अम्मा खरंच ऐकली नाही. आपण काय नंदीबैलवाले आहोत का, असं तिनं विचारलं. अन्वरीनं वाद घातला नाही. तिनं दुसऱ्या दिवशी परसात चुन्याच्या फक्कीनं अठरा फूट लांब आणि सात फूट रुंद अशी चौकट आखली. एका बाजूला दार म्हणून अडीच फुटांची जागा मोकळी सोडली. आणि सगळ्यांना सांगितलं, की आठ दिवस आपण या रेघांच्या आत राहायचं. स्वयंपाक, जेवण, अभ्यास, झोप सगळं आत. बाहेर जायचं ते फक्त दारातून. नाहीच जमलं तर ती बसचं नाव काढणार नव्हती.

आळीतल्या बायका भिंतीवरून बघायला यायच्या. पहिले दोन दिवस मुलींना खेळ वाटला. तिसऱ्या दिवशी अम्माचा पाय मेहनाजच्या दौतीला लागला, शाई सांडली, अफसाना रडायला लागली, आणि अम्मा उठून रेघ ओलांडून बाहेर गेली. लतीफनं विचारलं कुठं निघालीस, तर म्हणाली, "माझा गाव आला. म्या उतरले."

सगळ्यांना हसू आलं, अन्वरीला सोडून. तिनं त्या दिवशी अम्माच्या जागेकडं नीट बघितलं. अम्माला मांडी घालता येत नव्हती. पाय खाली सोडून बसायला तिला जागाच नव्हती, आणि दिवसभर तोंड भिंतीकडं. अन्वरीनं चौकटीतली मांडणी पुसली आणि पुन्हा केली. अम्माची बैठक दाराशेजारी, तोंड बाहेर, पाय टेकायला खाली लाकडी पाट. मुलींना लिहायला गाडीच्या भिंतीला बिजागरीनं अडकवायची फळी, काम झालं की खाली पाडायची. चूल आत नको, बाहेर ताडपत्रीखाली. कापसाची धूळ झोपण्याच्या जागेत येता कामा नये, म्हणून मागचे सहा फूट पत्र्यानं बंद करून तिथं मशीन आणि कापूस, त्याला मागून वेगळं दार. भोरच्या घरात पिंजायची मशीन होती, पण ती एसटीत नेता येत नसल्यानं लतीफ गावोगाव धनुकलीवर पिंजायचा. बसमधून मशीन गेली तर दिवसाला एका गादीच्या जागी चार होणार होत्या. रोज काहीतरी पुसलं जात होतं, काहीतरी नवं आखलं जात होतं. पाचव्या दिवशी अम्मा आपणहून येऊन आपल्या जागेवर बसली.

आठव्या दिवशी सकाळी लतीफ उशीला टाके घालत बसला होता. अफसाना त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तो अन्वरीला म्हणाला, "ही पोरगी झोपंत बोलती. मला म्हाईतच नव्हतं." थोड्या वेळानं त्यानं विचारलं, मानसिंग गाडी देईल का.

मानसिंग हसला. कोंबड्यांची गाडी तशीच न्या म्हणाला. अन्वरीनं फुकट घ्यायचं नाकारलं. चाळीस गाद्या आम्ही करून देतो, बदल्यात गाडी, तिच्या कागदपत्रांसकट, असं तिनं सांगितलं. मानसिंगला सौदा पटला. त्या पावसाळ्यात नवरा-बायकोनं नाकाला फडकी बांधून बंद खोलीत त्या गाद्या केल्या. दमट हवेत कापूस फुलायला मागत नाही. तव्यावर शेकल्यासारखा तो चुलीजवळ ठेवून सुकवावा लागला. श्रावण सरता सरता शेवटचा टेम्पो शिवऱ्याला गेला आणि बोरीखालची गाडी त्यांची झाली.

गाडी बघायला अन्वरीनं हनुमंतमामांना नेलं. हनुमंतमामा कामथडीचे, तिच्या माहेरचे शेजारी. एसटीत ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. वेल्हे, केळदच्या वाटेवर त्यांची उभी हयात गेली होती. त्यांनी इंजिनावर कान ठेवला, खाली शिरले, बाहेर येऊन हात पुसले. "जीव हाय," ते म्हणाले. "शर्यतीला न्हाई, पण संसाराला चालंल."

दुरुस्तीला आणि बांधणीला सहा-सात महिने गेले; पैसा भोरमध्येच गाद्या करून उभा केला. कापूरहोळच्या सोनबा वेल्डरनं अन्वरीनं कापडावर काढलेला नकाशा बघितला आणि विचारलं, हा कुठल्या इंजिनिअरनं काढला. पुण्याच्या आरटीओ कचेरीत कारकुनानं विचारलं, गाडी प्रवाशांची का मालाची. अन्वरी म्हणाली, घराची. तसा रकानाच कागदावर नव्हता. बराच खल झाला, वरच्या साहेबांना विचारून आले, आणि शेवटी कुठल्यातरी रकान्यात ती गाडी बसली.

खरी अडचण नंतर उभी राहिली. गाडी चालवणार कोण? लहानपणी धनुकलीची तात, म्हणजे ताणलेली दोरी, तुटून लतीफचा डावा डोळा गेला होता. त्याला परवाना मिळणं शक्य नव्हतं. हनुमंतमामांवर सगळ्यांची भिस्त होती, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, की या वयात आठ-आठ महिने घर सोडून फिरणं व्हायचं नाही. पगारी ड्रायव्हर ठेवायचा तर त्याला झोपायला जागा कुठली, हा प्रश्न होता. अठरा फुटांत परका माणूस मावत नव्हता. लतीफनं मान खाली घातली. अन्वरी मामांकडं वळली.

"मामा," ती म्हणाली, "मला शिकवा."

हनुमंतमामा म्हणाले, "गहू निघाला की ये. रानं मोकळी असत्यात."

गहू निघाल्यावर ती थांबली नाही. मे महिन्यातच कामथडीच्या पडीक माळावर तिनं गिरवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी तिनं मामांच्याच शेताचा बांध फोडला. चौथ्या दिवशी अम्मा बरोबर आली. सुनेची फजिती बघावी म्हणून आली होती, असं ती पुढं स्वतःच सांगायची. मामांनी तिला मागं बसवलं आणि डोळे मिटायला लावले. त्यांची कसोटी अशी होती, की गिअर कधी बदलला हे म्हातारीला कळता कामा नये. अम्मा मोठ्या इमानानं डोळे मिटून बसायची आणि प्रत्येक हिसक्याला "हां, पडला" म्हणायची. पंधरा दिवसांनी एका सकाळी ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मामांनी मागं वळून बघितलं तर ती झोपली होती.

आळीत बोलणी सुरू झालीच होती. ती शिरवळला अन्वरीच्या थोरल्या भावाच्या, मुजफ्फरच्या कानावर गेली. तो तडक आला. वाईट माणूस नव्हता. बापामागं त्यानंच अन्वरीचं लग्न करून दिलं होतं. बाईमाणसानं बस चालवायची, बिऱ्हाड रस्त्यावर मांडायचं, पोरी मोठ्या होतायत, लोकांना काय तोंड दाखवायचं, असं तो बराच वेळ बोलला. अन्वरीनं सगळं ऐकून घेतलं.

"भाई," ती म्हणाली, "सासरे गेले तवा त्यांचा ल्योक तिसऱ्या दिशी आला. लोकांनी माती दिली, दोन दिस जेवान दिलं, मी न्हाई म्हनत न्हाई. पण अम्मा दाराकडं बघत बसल्या व्हत्या, ते लोकांना दिसत नव्हतं. मला दिसत व्हतं."

मुजफ्फर चहा न घेता गेला. पण परवान्याच्या परीक्षेच्या दिवशी ती पुण्याला गेली, तर तो फाटकापाशी उभा होता. ती पास होऊन बाहेर आली तेव्हा त्यानं जिलेबीचा पुडा तिच्या हातात दिला आणि शिरवळची एसटी पकडली.

राहिली शाळा. मेहनाज चौथीत होती. अन्वरी तिच्या वर्गाच्या प्रेरणाबाईंकडं गेली. जून ते दिवाळी मुली भोरला शाळेत येतील, पुढं ज्या गावात गाडी उभी राहील तिथल्या शाळेत बसतील आणि परीक्षेला परत येतील, असं तिनं मांडलं. प्रेरणाबाई तरुण होत्या, नियमाच्या पक्क्या होत्या. हजेरीचं काय, असं त्यांनी विचारलं. ते आपल्याला सुटत नाही, असं अन्वरीनं सरळ सांगितलं. बाई दोन दिवस विचार करत होत्या. मग त्यांनी एक जाड वही आणली आणि पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं लिहिलं, की ही मुलगी आमच्या शाळेची आहे, तिला आपल्या वर्गात बसू द्यावं, आणि काय शिकवलं ते दोन ओळींत लिहून सही करावी. खाली शाळेचा शिक्का मारला. मुख्याध्यापकांची समजूत त्यांनीच घातली.

१९९७ ची दिवाळी झाली आणि गाडी निघाली. नसरापूर, आंबवणे, मार्गासनी, विंझर. प्रत्येक गावात आधी पोरं गोळा व्हायची, मग बायका. स्टिअरिंगवरून खाली उतरणारी, डोक्यावर पदर घेतलेली बाई बघून कुणी तोंडाला पदर लावायचं, कुणी जवळ येऊन आत डोकावायचं. विंझरच्या पलीकडं एका वाडीत त्यांना थांबू दिलं नाही. इथं फिरस्ती माणसं नकोत म्हणाले. अन्वरीनं वाद न घालता गाडी वळवली. दुसऱ्या वर्षी त्याच वाडीतून सांगावा आला तेव्हा ती गेली, आणि मागचं काही काढलं नाही.

वेल्ह्याच्या पुढं पासलीचा चढ लागतो. त्या वेळी रस्ता अरुंद होता आणि खडी उखडलेली. शेवटच्या वळणावर गाडी बंद पडली. लतीफ लाकडी ओंडका घेऊन खाली उतरला आणि त्यानं तो मागच्या चाकाला लावला. तेवढ्यात मागून एसटी आली. रस्ता अडला. एसटीतली माणसं उतरून बघायला लागली. ड्रायव्हर पुढं आला आणि सभ्यपणानं म्हणाला, की ताई, तुम्ही उतरा, मी वर काढून देतो. अन्वरीनं स्टिअरिंग सोडलं नाही. उतरावं असं तिला फार वाटलं. पण या चढावर तिला दरवर्षी यायचं होतं, आणि हा माणूस दरवर्षी मागं असणार नव्हता.

"न्हाई दादा," ती म्हणाली. "तुमी फक्त मागं कुणाला उभं ऱ्हाऊ देऊ नका."

तिनं गाडी सुरू केली. पहिल्यांदा पुन्हा बंद पडली, ओंडक्यावर येऊन थांबली. दुसऱ्यांदा तिनं ब्रेक हळूहळू सोडत इंजिनाचा सूर ऐकला, मामांनी सांगितलं होतं तसा, आणि गाडी गुरगुरत वळण चढून वर गेली. लतीफ ओंडका खांद्यावर घेऊन मागून धावत आला. एसटीतल्या माणसांनी टाळ्याबिळ्या काही वाजवल्या नाहीत. ती मुकाट्यानं आपल्या गाडीत बसली. पण त्या संध्याकाळपर्यंत ही हकिगत केळदला पोचली होती.

पासलीत भिमानं अंगण झाडून ठेवलं होतं. त्याची बायको फुलाबाई पुढं आली, तिनं अन्वरीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि चाकांवर पाणी घातलं. भिमा लतीफच्या समोर यायला मात्र कचरत होता. लतीफ आपल्या घरी असताना निरोप चुकला, हे त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. म्हणून त्यानं दोन वर्षांत लतीफला कधी बोलावलंही नव्हतं. अम्मा गाडीतून हळूहळू खाली उतरली. तिनं भिमाला विचारलं, की त्या दिवशी लतीफ कुठं बसला होता. भिमानं फणसाच्या झाडाखालची जागा दाखवली. अम्मा तिथं गेली आणि खाली बसली. तिला खाली बसता येत नसे, तरी बसली. फणसाच्या सावलीत जमिनीवरून हात फिरवत राहिली. कुणी तिच्याजवळ गेलं नाही. मग तिनं भिमाला हाक मारली.

"लेका, तुझा काय दोस न्हाई," ती म्हणाली. "माझं पोरगं सावलीत व्हतं, चांगल्या मानसांत व्हतं. येवढं कळलं, बास झालं."

भिमा तोंड फिरवून गोठ्यात गेला. फुलाबाईनं अम्माला हात देऊन उठवलं आणि घरात नेऊन गूळ-पाणी दिलं. पुढं जितकी वर्षं गाडी पासलीला गेली, तितकी वर्षं ती त्याच अंगणात उभी राहिली.

अशी चार वर्षं गेली. सुखाचीच गेली असं कुणी म्हणेल, पण अन्वरी तसं म्हणायची नाही. थंडीत पत्रा असा गार पडायचा, की भिंतीला पाठ लागली तर झोप उडायची. पाण्यासाठी कुठं अर्धा मैल जावं लागे. बॅटरी बसली की गावातली माणसं बोलावून गाडी ढकलावी लागे. पण अफसानाला गोवर निघाला तेव्हा गाडी मार्गासनीला उभी होती, आणि लतीफ पाच दिवस तिच्या उशाशी होता. तिला कडुनिंबाच्या पाल्यानं वारा कसा घालायचा ते अम्मानं त्याला शिकवलं. मेहनाजची वही भरत होती. एका गुरुजींनी लिहिलं, "भागाकार पक्का. बोलते फार." केळदच्या बाईंनी लिहिलं, की हिनं आमच्या मुलांना धनुकलीचा आवाज का येतो ते समजावून सांगितलं. परीक्षेला मुली भोरला यायच्या आणि प्रेरणाबाई ती वही घरी नेऊन वाचायच्या.

२००१ च्या एप्रिलात गाडी वेल्ह्याला होती. मेहनाज सातवी पास होणार होती. अन्वरी पुढच्या हंगामाचा विचार करत खोळी बेतत होती, तेव्हा मेहनाज येऊन शेजारी बसली. बराच वेळ टेपशी खेळत राहिली.

"अम्मी," ती म्हणाली, "मला पुढच्या वर्षी गाडीत न्हाई यायचं."

अन्वरीची कात्री थांबली. मेहनाज एकदम बोलायला लागली. आठवीला विज्ञान वेगळं असतं, प्रयोगशाळा असते, ती एका गावाहून दुसऱ्या गावाला नेता येत नाही. दर दोन महिन्यांनी नवी मैत्रीण करायची आणि सोडायची. तिला एकाच बाकावर वर्षभर बसायचं होतं. हे सांगताना ती रडली नाही, आणि अन्वरीला तेच जास्त लागलं. मुलीनं हे कितीतरी दिवस मनात धरलं असणार.

चार दिवस अन्वरी बेतलेल्या खोळी पुन्हा पुन्हा मोजत राहिली. तिला राग मुलीचा नव्हता. सगळे एकत्र राहावेत म्हणून तिनं सगळं उभं केलं होतं; प्रत्येकाची जागा तिनं मोजून दिली होती. आणि त्यातल्याच एकीला ती जागा पुरत नव्हती, हे मापात चुकलं कसं, असं तिला वाटत राहिलं. लतीफ म्हणाला, पोरीला समजावू. अन्वरी नको म्हणाली. तिनं मुलीला समजावून बघितलंच नाही. पाचव्या दिवशी सकाळी तिनं लतीफला सांगितलं, "गाडी घरासाठी केली व्हती. घर गाडीसाठी न्हाई. आपन भोरला ऱ्हायचं."

लतीफनं विचारलं, मग धंदा? त्याचाही तिनं विचार केला होता. आता रस्ते बरे झाले होते, वेल्ह्यात फोन आले होते. तयार फोमच्या गाद्याही दुकानांतून दिसायला लागल्या होत्या, तेव्हा आठ महिन्यांचं काम तसंही राहिलं नव्हतं. ज्यांना कापसाचीच गादी हवी त्यांनी फोनवर सांगावं, आणि आपण सकाळी निघून संध्याकाळी मुली शाळेतून येण्याच्या आत परतावं. पासली, केळद लांब पडलं तर एखादी रात्र मुक्काम, तेव्हा मुलींसोबत मुजफ्फरची बायको येऊन राहील. शिरवळला जाऊन तिनं भावाला हे विचारलं, तेव्हा तो पहिल्यांदाच मनापासून हसला, की सगळं ठरवूनच आलीस, मग विचारतेस कशाला.

त्या जूनपासून ते भोरला राहिले. मेहनाजला एकच बाक मिळाला. पुढं ती पुण्याला नर्सिंग शिकायला गेली, आणि तिथल्या वसतिगृहात सामान लावताना, एवढ्याशा खोलीत एवढं सगळं कसं बसवलंस, असं मुली तिला विचारायच्या. अफसानाला मात्र गाडीच आवडायची. सुट्टी पडली की ती बापाबरोबर जायची, आणि दहावीनंतर तिनं आईकडून गाडी शिकून घेतली.

घरी राहायला आल्यावर कुरकूर केली ती अम्मानं. एवढी वर्षं गावोगावचं पाणी प्यायल्यावर एका जागी तिला करमेना. भिंतीकडं बघत बसायचं असतं तर त्या रेघांतून उतरले कशाला असते, म्हणायची. मग अन्वरी जाताना तिला घेऊन जाऊ लागली. पुढं मोबाईल आले, भिमानं तर बांधावरून फोन करायला सुरुवात केली, की गादी नाही केली तरी चालेल, पण म्हातारीला घेऊन या. २००६ सालापर्यंत, पाय पार थकेपर्यंत, अम्मा दाराशेजारच्या आपल्या बैठकीवर बसून, पाय पाटावर टेकवून, नसरापूर ते केळद सगळ्या रस्त्यानं जायची. गाडी कुठं थांबली आणि नवख्या माणसानं विचारलं, आजी, कुठल्या तुम्ही, की ती आधी पुढं बसलेल्या सुनेला विचारायची, "अन्वरी, आज कुठं हाय गं आपन?" आणि अन्वरी जे नाव सांगेल, ते ती त्या माणसाला आपलं गाव म्हणून सांगायची.